शेंडी काढलेला नारळ

सुजाता, कागदावर का होईना, पण ये, अशी जवळ सरकून बस. तुला रागवायचं आहे. मागच्या खेपेला आलीस तेव्हा मी नारळ वाटून मासोळी केली होती. दोनदा भात वाढून घेतलास, बोटं चाटलीस आन् मग म्हणालीस, "आजी, हे आपल्याकडचं नाही. आपल्यात मासोळीत ओला नारळ कोण घालतं? तुझ्याकडं आलं कुठून हे?" मी हात धुऊन सांगायला बसते तर तुझी गाडी सुटायची वेळ झाली. असं करतात का? प्रश्न टाकायचा आन् उत्तर येईस्तोवर बॅग उचलायची. सांगणाऱ्याच्या घशात अडकून राहते न ती गोष्ट. तर आता निवांत ऐक. ते आलं तंकम्माकडून.

तंकम्मा म्हणजे आमच्या बाजूच्या खोलीत राहायला आलेल्या फिटरची बायको. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. माझा बा उमरखेडच्या एका जिनिंगात रेच्यावर कामाला होता. कापसातून सरकी वेगळी करतं ते यंत्र म्हणजे रेचा. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर रेचे दुरुस्त करायला केरळाकडचा एक फिटर आला. उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. तो गावात खोली शोधत फिरला. सगळीकडं पहिला सवाल जातीचा. तो सांगायचा, "फिटर." लोक म्हणायचे, ते तुमचं काम झालं, जात सांगा. तो पुन्हा म्हणायचा, "फिटर." मग खोली कोण देतं.

शेवटी बा त्याला म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यात राहत असशीन तर चाल. आमी बौद्ध आहोत. त्याच्या आधी काय होतो ते गावाले विचारजो, हौसेनं सांगतीन."

फिटरनं एवढंच विचारलं, "छप्पर गळते?"

"नाही."

"मग चालते."

झालं, खोली ठरली. त्यांची जात आम्ही कधी विचारली नाही, आमची त्यांनी काढली नाही. मला ती आजही माहीत नाही.

दिवाळीच्या आसपास तंकम्मा आली. बैलगाडीतून उतरली तेव्हा सारा मोहल्ला पाहायला उभा. अंगावर पांढरं पातळ, काठाला बारीक सोनेरी पट्टी, ओले केस पाठीवर मोकळे आन् टोकाला इवलीशी गाठ. शेजारची गयाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "नवरा संगं उभा हाय आन् ही पांढरं नेसली. काय वं बाई हे." माय म्हणाली, "तिच्या गावात सवाशीण पांढरंच नेसत असन. तुले नेसायले सांगून राह्यली का?"

सामान म्हणजे एक पेटी, एक वळकटी आन् एक लाकडाची बुटकी घोडी. आम्ही पोरं त्या घोडीवरच तुटून पडलो. चार पाय, बसायला पाटासारखी पाठ, आन् पुढं मान काढावी तसं एक लोखंडी पातं, त्याच्या टोकाला करवतीसारखे दात. आम्हाला वाटलं हिच्या लेकराचं खेळणं आहे. लेकरू तर कुठं दिसेना. तंकम्मानं आम्हाला हटकलं, घोडी उचलली आन् भिंतीवरच्या खुंटीला उलटी टांगून दिली. ती कशाची आहे ते पुढं कित्येक महिने कळलं नाही.

पहिल्या आठवड्यातच मोठी गंमत झाली. आपल्याकडं तेव्हा घरोघर ज्वारीची भाकर. भात शिजायचा तो सणाला, नाहीतर कोणी तापानं पडलं तर. तंकम्माच्या चुलीवर रोज सकाळ-संध्याकाळ भात. त्याचा वास मोहल्लाभर. तिसऱ्या दिवशी गयाबाई काळजीनं काढा घेऊनच आली. म्हणाली, "तीन दिवस झाले बापा बिमारीले. फिटरभाऊले पाजा." तंकम्माला काही समजलं नाही, पण कोणी दिलेलं परत करायचं नाही एवढं तिला माहीत होतं. फिटरभाऊ बिचारा तो कडू काढा ग्लासभर पिऊन कामावर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा आला, पुन्हा प्याला. शेवटी बानं जिनिंगात त्याला विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर बा त्याला कधीमधी चिडवायचा, "काय फिटर, ताप उतरला का?"

ती दिवसातून दोनदा अंघोळ करायची, कडक थंडीतसुद्धा. डोक्याला तेल लावायची तर कपाळावर ओघळ यायचा. माझ्या मायला ती 'चेची' म्हणायची. त्याचा अर्थ मोठी बहीण, हे फिटरभाऊनं सांगितलं. मराठी ती माझ्याकडून शिकली, म्हणून तिची मराठी आठ वर्षांच्या पोरीची होती, त्यात भांडणाचे शब्द जास्त. पण सगळ्यात आधी तिच्या तोंडी बसलं ते एकच वाक्य: "खा, मग बोल." कोणी काही विचारायला गेलं, तक्रार घेऊन गेलं, रडत गेलं, की ती आधी हातावर काहीतरी ठेवायची. भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, नाहीतर भाताचा गोळाच. "खा, मग बोल." मी तिच्याकडं भांडणं सांगायला जायची आन् खाता खाता भांडण विसरून परत यायची.

संक्रांतीनंतर कळलं की तिला दिवस आहेत. पहिलटकरीण माहेरी जाते. हिचं माहेर तीन दिवसांच्या रेल्वेवर आन् त्या अंगानं तो प्रवास होण्यासारखा नव्हता. माय म्हणाली, "मंग आमीच माहेर." तिच्याकडून विषय संपला. पण तंकम्माचं जेवण तुटलं. भात नको, भाकर नको, खाल्लेलं पोटात ठरेना. चैत्र लागेस्तोवर पोट पुढं आलं आन् हात मात्र तुरीच्या काड्यांसारखे झाले. माय रोज विचारायची, "सांग वं बाई, कायचे डोहाये लागले? चिंच? कैरी? मातीचा खडा?" गर्भारशीचा डोहाळा अपुरा राहिला तर लेकराची लाळ गळत राहते असं आमच्याकडं मानायचे. मोहल्ल्यातल्या बाया कोण चिंच, कोण बोरं, कोण अंबाडीची भाजी घेऊन यायच्या. गयाबाईसुद्धा. तंकम्मा सगळ्याचा एकेक घास घ्यायची आन् बाजूला ठेवायची.

एके दुपारी माय तिच्या पायाला तेल लावत बसली होती, मी बाजूला. तंकम्मानं उठून खुंटीवरची घोडी खाली काढली. तिच्या दातांवरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी एक गोल आकार केला आन् हळूच म्हणाली, "नारळ. मासोळी."

मायचा हात थांबला.

तुला वाटेल, नारळच तो, त्यात काय. तू बाजारातून आणतेस तशी गोष्ट नव्हती ती. छप्पन सालानंतर आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा बानं देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आन् पैनगंगेत सोडले. मोहल्ल्यात सगळ्यात आधी त्यानं सोडले. त्या दिवसापासून नारळ, कापूर, शेंदूर या घरात यायचा नाही. आपल्याकडं ओला नारळ म्हणजे देवाचाच. फोडायचा तो देवापुढं, खायचा तो प्रसाद म्हणून. कालवणात कोणी घालत नसे. आन् बा तर इतका कडक, की आदल्या वर्षी गयाबाईच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली तेव्हा यानंच विहारात चारचौघांपुढं तिच्या नवऱ्याला उभं केलं होतं. गयाबाई ते विसरली नव्हती.

रात्री जेवताना मायनं विषय काढला. बा म्हणाला, "नारळ ह्या घरात येनार नाही."

"देवासाठी आनून राह्यली का मी? तिच्या पोटासाठी."

"लोकायले पोट नाही दिसत. नारळ दिसते." मग म्हणाला, "संपतबाबा काय म्हनतीन ठाव हाय ना? ज्याच्या घरी देव परत आला त्याच्या घरी पानी प्यायचं नाही, हे मीच बोललो होतो. ते म्हनतीन, भाडेकरू देव घेऊन आले, खोली खाली कर. मंग पोटुशी बायको घेऊन फिटर जाईन कुठी? गावात तर कोनी उभं करत नाही."

बरोबरच होतं त्याचं. संपतबाबा मोहल्ल्यातले वडील, त्यांचा शब्द शेवटचा. एका नारळापायी तंकम्माच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ शकत होतं. मायनं भाकरीचा तुकडा मोडला आन् मला म्हणाली, "मंजुळे, सकायी संगं चाल."

सकाळी आम्ही आधी भोयाच्या घरी जाऊन पैनगंगेची मरळ घेतली, मग किराणा दुकानात गेलो. मायनं नारळ मागितला तर दुकानदार चष्म्यावरून पाहत राहिला. "काहो बाई, देव तं पान्यात सोडले म्हनता. आता नारळ कोन्त्या देवाले?"

"खायले."

"खायले?"

"तुमी विकता ना? मंग विका. कोन्त्या देवाले ते गिऱ्हाइकाले कायले पुसता."

त्यानं हसत हसत भली मोठी शेंडी असलेला नारळ काढून दिला. मायनं पदराखाली घेतला. पण शेंडी पदराबाहेर डोकावत होती आन् वाटेत हौदावर गयाबाई धुणं धूत होती. तिनं पाहिलं. काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काय ते आम्हाला समजलं.

दुपार कलल्यावर तंकम्मानं आपल्या खोलीत नारळ तळहातावर घेतला, कोयत्याची पाठ मारली, जरा फिरवला, पुन्हा मारली. खाड्कन दोन भकलं. तो आवाज काय असतो ते मोहल्ल्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, आन् तो आवाज तिथं कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. पाणी भांड्यात धरलं आन् तिनं मला पाजलं, तेवढ्यात अंगणात माणसं.

पुढं संपतबाबा. रोज संध्याकाळी विहारात वंदना तेच घ्यायचे. मागं तीन-चार माणसं, त्यांच्या मागं गयाबाई. म्हणाली, "काय वं मंजुळेची माय, परसाद वाटून राह्यली न? आमालेबी दे थोडा." माय दारात उभी राहिली, बाजूला सरेना. जिनिंगाचा भोंगा झाला होता, तेवढ्यात बा घरी पोचला, डोक्यात-मिशीत कापसाचे तंतू अडकलेले. त्यानं माणसं पाहिली, मायकडं पाहिलं, सगळं समजला.

संपतबाबा म्हणाले, "नामदेवा, नारळ फुटला तुह्या घरी."

"फुटला."

"देव कुठी हाय?"

बा म्हणाला, "खोली पाहून घ्या, बाबा. मी नाही सांगत. तुमीच पाहा."

ते वाकून आत शिरले. आम्ही सगळे दाराशी. आत तंकम्मा त्या घोडीवर बसलेली, पोट सांभाळत, पाय एका बाजूला घेऊन. भकल दोन्ही हातांत धरून दातांवर फिरवत होती आन् खाली ताटलीत पांढराशुभ्र कीस पडत होता. तेव्हा कुठं त्या घोडीचा उलगडा झाला. बाजूला टोपल्यात हळद-मीठ लावलेली मरळ. देव म्हणावं असं काही नव्हतं. कोपऱ्यात पेटी, वर वळकटी. संपतबाबांनी काठीनं वळकटी उचलून पाहिली, तिच्या खालीसुद्धा काही नव्हतं.

"नारळ कायले फोडला?" त्यांनी विचारलं.

तंकम्मानं मासोळीकडं बोट दाखवलं.

"मासोयीत? नारळ?" ते बाकीच्यांकडं वळले. मग ते भिंतीला टेकून खालीच बसले. म्हणाले, "रांधू दे तिले. मासोयीच्या गंजात गेला तं तो देवाचा नव्हता. कोनताच देव असं चालवून घेत नाही. पन गंजात जाईस्तोवर मी उठत नाही."

मग सारे बसले. पंचायत बसते तशी खोलीत आन् अंगणात माणसं बसली, आन् मधे एक पोटुशी बाई शांतपणे स्वयंपाक करत होती. मायच्या पाट्यावर कीस वाटला, पाणी घालून पिळला. भांड्यात पांढरं दूध उतरलं. चुलीवर गंज चढला. खोबरेलात मिरची, आलं, कढीपत्ता पडला तसा खोलीत असा वास सुटला की अंगणातली बोलणी बंद झाली. आमच्याकडं खोबरेल डोक्याला लावतात. गयाबाई बाहेरून म्हणाली, "केसाच्या तेलात रांधून राह्यली वं माय." तंकम्मानं कैरीच्या फोडी टाकल्या, मासोळी टाकली आन् शेवटी ते दूध ओतलं.

त्याबरोबर दाराशी खाट टाकून बसलेली माझी आजी, बाची माय, किंचाळली, "दूध आन् मासोयी! कोड फुटीन कोड, अंगभर."

हे भलतंच निघालं. दुधावर मासोळी खाल्ली की अंगावर पांढरे डाग उठतात, हे तर लहान पोरालाही ठाऊक. माय समजावते, ते नारळाचं आहे, गाईचं नाही. आजी म्हणते, पांढरं ते दूधच. देवाचा प्रश्न सुटला आन् कोडाचा उभा राहिला. गंजात नारळ गेलेला सगळ्यांनी पाहिला होता, पण संपतबाबा उठेनात.

तंकम्मानं ताटलीत भात घेतला, वर कालवण वाढलं आन् थेट त्यांच्यापुढं धरलं. "खा, मग बोल."

म्हातारा ताटलीकडं पाहत राहिला. हात पुढं येईना. मला काय झालं कोण जाणे. मघापासून तो वास घेऊन बसले होते, पोटात कावळे. मी मधेच घुसले आन् त्या ताटलीतला घास उचलून तोंडात टाकला.

काय सांगू. आमचं कालवण म्हणजे लाल जाळ, तर्री, पाणी पीत पीत खायचं. हे तोंडात गेलं ते आधी गोडसर लागलं, मऊ, मग कैरीचा आंबटपणा आला, आन् सगळ्यांच्या मागून मिरची चालत आली. मासोळी इतकी नाजूक कधी असते हे मला माहीत नव्हतं. खोबरेलाचा वास नाकात, त्यामुळं डोळे मिटले की वाटायचं कोणी डोक्याला तेल लावून देत आहे. मी दुसरा घास घेतला. आजी ओरडली, "थुक, थुक." मी गिळून टाकला.

संपतबाबा माझ्या हाताकडं, गालांकडं निरखून पाहत होते, जसे डाग तिथंच उठणार. मग म्हणाले, "सरक पोरी." आन् जेवायला लागले. भात संपला तर मायकडं भाकर मागितली, ती मोडून त्यात कुस्करली. सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत. बा उभाच होता, अजून मिशीतले तंतूसुद्धा झाडले नव्हते. बाबांनी ताटली पुसून खाल्ली, पाणी प्याले, आमच्याच घरचं पाणी, आन् म्हणाले, "देव नाही यात." काठी घेऊन उठले. दाराशी थांबून म्हणाले, "मीठ जरा कमी हाय."

खोली राहिली.

माणसं गेल्यावर तंकम्मा जेवली. ती जेवताना मी पाहिली आहे. वर पाहिलं नाही. भाताचा गोळा करायची, कालवणात फिरवायची, खायची. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तिनं हात चाटला. मग तिथंच भिंतीला टेकून झोपली, ताट पुढ्यात तसंच. मायनं ते हळूच उचललं आन् मला म्हणाली, "आवाज नोको करू."

मी मात्र पुढं चार दिवस सकाळी उठल्याबरोबर उजेडात हात-पाय पाहायची. गयाबाई येऊन करवंटी मागून घेऊन गेली, पाणी घ्यायला बरी पडते म्हणाली. संपतबाबांनी एकदाही पुन्हा विषय काढला नाही, पण मोहल्ल्यात मासोळीचा वास आला की त्यांची चक्कर आमच्या दारावरून व्हायची.

आन् बा. दर पंधरा दिवसांनी तो आता स्वतः नारळ आणायचा. पण दुकानातच दुकानदाराला सांगायचा, "शेंडी काढून द्या." देवाला वाहायच्या नारळाला शेंडी लागते, बिनशेंडीचा चालत नाही. तो उघड्या हातात, बोडका नारळ घेऊन मोहल्ल्यातून मधोमध चालत यायचा. कोणी पाहिलं तर बरंच, अशा चालीनं. दुकानदारालाही सवय झाली. बा दिसला की न सांगता शेंडी उपटून द्यायचा.

तंकम्माला मुलगी झाली, आमच्याच घरात, मायच्या हातावर. लाळ गळायची थोडी, पण तेवढी सगळ्याच लेकरांची गळते. दोन हंगाम ते राहिले. मग फिटरभाऊला लांबच्या कारखान्यात काम मिळालं.

उमरखेडच्या मोटार स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. तिनं मायनं दिलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केस मात्र तसेच ओले, टोकाला गाठ. कडेवर पोर, हातात भाकरींचं फडकं. तिकडं ज्वारी मिळते का नाही म्हणून मायनं पीठही बांधून दिलं होतं. घोडी ती आमच्याकडं ठेवून गेली. लेकरू, पेटी, वळकटी, एवढ्यात ती कुठं वागवणार. आपल्या गावाकडं दुसरी मिळेल म्हणाली.

गाडी सुरू झाली तशी मी खिडकीखाली धावले आन् विचारलं, "परत कवा येशीन?" तिनं फडक्यातला भाकरीचा तुकडा मोडला, वर मिरचीचा ठेचा लावला, खाली वाकून माझ्या तोंडात कोंबला. म्हणाली, "खा, मग बोल." ठेचा असा जळजळीत की माझ्या डोळ्यांतून पाणी. तो घास गिळून तोंड मोकळं होईस्तोवर गाडी नाक्याच्या पुढं गेली होती, आन् खिडकीतून फक्त तिचा कोपर दिसत होता, हिरव्या लुगड्यातला.

तर हे असं आलं आपल्याकडं ते कालवण. घोडी माझ्याकडं आहे, दात अजून शाबूत आहेत. माझे गुडघे मात्र आता तिच्यावर बसू देत नाहीत. मागच्या खेपेला शेजारच्या पोरीला बसवून किसून घेतलं, ती करवंटीसकट किसते. तेव्हा सुजाता, आता जास्त दिवस लावू नको. दोन दिवसांची सवड काढूनच ये, गाडीची वेळ सांगायची नाही. नारळ मी आणून ठेवला आहे, शेंडी काढून.